मदत हवी आहे: आईची झोपेची गोळी सुटेना (आणि हे सगळीकडेच एवढं का वाढलंय?)

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा.

आई सत्तरीची, सांगलीकडे असते. बाबा गेले तेव्हा झोप उडाली म्हणून तिथल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, पंधरा दिवसांपुरती. त्याला आता चार-पाच वर्षं झाली. चिठ्ठी कधीच हरवली, पण मेडिकलवाला "काकू, नेहमीचीच ना?" म्हणत स्ट्रिप पुढे करतो. आधी अर्धी पुरायची, नेलकटरने तोडायची आणि सांडलेला चुरासुद्धा बोटाने टिपून जिभेवर ठेवायची, आता अख्खी घेऊनही पहाटे तीनला टक्क जागी. मागच्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, हाड मोडलं नाही हे नशीब. विषय काढला की "तुझ्या बीपीच्या गोळीला मी काही बोलते का?"

दुसरीकडे पुण्यातली भाची, आयटीत आहे, तिला एस्सिटालोप्राम (नैराश्य-अँक्झायटीवरची गोळी) चालू आहे. टीममधले अजून दोघं-तिघं घेतात आणि डबा खाताना त्यावर बिनधास्त बोलतात म्हणे, आमच्या वेळी असलं काही असलं तर शेजारी सोडा, सख्ख्या काकालाही पत्ता लागू द्यायचे नाहीत. आई म्हणते हिला मेलीला कसलं टेन्शन, भाची म्हणते आजीला व्यसन लागलंय, आणि मधल्यामध्ये मी.

आता प्रश्न. आजार खरंच वाढलेत, की आधीही होते आणि आता लोक बोलतात, की डॉक्टरच पटकन लिहून मोकळे होतात? वाचायला बसलो तर डोकं अजूनच फिरलं. निम्हान्सच्या (बंगळुरूची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) २०१५-१६ च्या पाहणीत (१२ राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता) १०.६ टक्के प्रौढांना काही ना काही मानसिक आजार आढळला आणि आजारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच नव्हते. मग आईच्या भजनी मंडळात निम्म्या बायकांच्या पर्समध्ये हीच स्ट्रिप कशी? मला तर वाटतं खरा आजार एका बाजूला पडून राहतो आणि एकटेपण, गुडघेदुखी, सुनेशी न पटणं या सगळ्याला मिळून एक गोळी दिली जाते. चुकत असेन तर सांगा.

आणि मुख्य म्हणजे आईची गोळी बंद करून टाकू का?

प्रतिसाद: गोळीवाला
भाऊ, माझं स्वतःचं मेडिकल आहे म्हणून बोलतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम या सगळ्या झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीत येतात, मार्च २०१४ पासून. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, रजिस्टरला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहायचं, ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. तरी ओळखीत चालतं, खोटं कशाला बोलू. नाही म्हटलं तर काकू पुढच्या दुकानात जातात, आणि वर सगळीकडे सांगतात की हा माजलाय.

प्रतिसाद: निवांत_०७
बंद अजिबात करू नका!! इतकी वर्षं रोज घेतलेली गोळी एकदम तोडली तर झोप तर जातेच पण फिट येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञच डोस हळूहळू उतरवतात, त्यात काही आठवडे ते महिने जातात. आधी अर्धीवर भागायचं आणि आता अख्खी पुरत नाही म्हणजे शरीराला सवय झालीय, आईंचा हट्ट नाहीये तो. या वयात पडणं, विसरायला होणं हेही याच गोळ्यांनी वाढतं, ते डॉक्टरांना नक्की सांगा.

आणि भाचीची गोळी वेगळी हो, दोन्ही एका तागडीत टाकू नका. ती लगेच गुंगी आणणारी नाही, गुण यायलाच दोन-चार आठवडे लागतात. मनाने तीही बंद करायची नसते पण तिची अशी तलफ लागत नाही. वाढलंय का म्हणाल तर कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर नैराश्य आणि अँक्झायटी २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं होतं, त्यामुळे सगळा दोष डॉक्टरांच्या माथी नको. पण दहा मिनिटं बोलायला वेळ नसलेल्या ओपीडीत गोळी लिहिणं सोपं पडतं हे मान्य.

जवळ कोणी तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस १४४१६ ला फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. शनिवारी मिरजेला दाखवायला नेतोय, वेड्यांच्या डॉक्टरकडे येणार नाही म्हणून अडून बसली होती, झोपेचे डॉक्टर आहेत सांगितल्यावर तयार झाली. आता एवढंच सांगा, तोपर्यंत स्ट्रिप तिच्याकडेच राहू देऊ का मी ठेवू?

प्रतिसाद: निवांत_०७
तिच्याकडेच राहू द्या, काढून घेतली तर शनिवारी गाडीत बसणार नाही. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा मात्र आजच लावा. आणि जाताना स्ट्रिप, बीपी-शुगरच्या गोळ्या सगळं पिशवीत घालून न्या.