बंद झालेली चव: आठवणी पुरे, मापं सांगा

धागाकर्ता

बाजारातून गेलेल्या शाकाहारी पदार्थांवर गप्पा निघाल्या की पहिली दहा मिनिटं हळहळण्यात जातात आणि शेवटी हाताला काही लागत नाही. म्हणून या धाग्याला एकच अट: ‘काय दिवस होते’ नको. पदार्थ कोणता, त्यातलं नेमकं काय हरवलं आणि घरच्या ओट्यावर ते कितपत जमतं, हे ग्रॅम-मिनिटांत लिहा. फसत असेल तर का फसतं तेही लिहा. माझा अंदाज असा की बहुतेक वेळा गुप्त फॉर्म्युला वगैरे काही नसतो. एखादं तापमान, एखादं तेल, एखादी बाटली जाते आणि चव तिच्यामागे जाते. खोडून काढायला सगळे मोकळे आहात.

गोल्ड स्पॉट

१९९३ मध्ये पार्लेची थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा आणि गोल्ड स्पॉट ही पेयं कोका-कोलाकडे गेली. थम्स अप तगलं. गोल्ड स्पॉटच्या जागेवर मात्र कंपनीचं स्वतःचं फँटा होतं, मग ते कशाला ठेवतील?

घरी करताना लोक संत्र्याचा रस काढायला घेतात, तिथेच फसतं. या जातीच्या पेयाची ओळख रसात नसते, सालीच्या तेलात असते. चार नागपुरी संत्र्यांची साल घ्या, साधारण ५०-६० ग्रॅम. आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका, कडूपणा त्यातूनच येतो. सालीचे तुकडे २०० ग्रॅम साखरेत हाताने चांगले चुरडा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साखर ओली आणि पिवळसर झालेली असेल. त्यात १२० मिली गरम पाणी (उकळतं नको, तेल उडून जातं) आणि ४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून विरघळवा आणि गाळा. सुमारे २४० मिली पाक निघतो. पेल्याला ३० मिली पाक आणि १७० मिली सोडा. दोन्ही फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवलेलं हवं. कोमट पाक सोड्यात पडला की सगळा वायू फसफसून जातो. पेला तिरका धरून सोडा ओता आणि ढवळू नका.

सोड्याच्या बाटलीवरचे घटक वाचा. काहींत सोडियम बायकार्बोनेट असतं, ते आंबटपणा खाऊन टाकतं. अशा सोड्यात पाक कितीही घाला, पेय मुळमुळीतच लागतं.

दुसरी अडचण म्हणजे वर येणारा तेलाचा तवंग. पूर्वी कारखान्यांत त्यावर ब्रोमीनयुक्त वनस्पती तेल वापरत. ते जड असल्यामुळे संत्र्याचं तेल पाण्यात तरंगत ठेवायचं आणि पेय गढूळ, रसदार दिसायचं. १९९० च्या सुमारास भारतात त्याच्यावर बंदी आली. घरी २ ग्रॅम खायचा डिंक बारीक कुटून दोन चमचे कोमट पाण्यात भिजवा आणि पाकाबरोबर मिक्सरमधून एक मिनिट फिरवा. एक दिवस तवंग येत नाही, दुसऱ्या दिवशी येतो. तो झगझगीत केशरी रंग मात्र फळातून मिळणार नाही. हवाच असेल तर खायचा सनसेट यलो वापरा, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत.

मँगोला

चेंबूरच्या ड्यूक्सचं आंब्याचं पेय. कंपनी १८८९ ची, १९९४ मध्ये पेप्सीने घेतली. पेप्सीकडे स्लाईस होतंच, दोन आंबे एका घरात राहिले नाहीत.

एक लिटरसाठी बिनसाखरेचा आंब्याचा गर २०० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड अडीच ग्रॅम, चिमूटभर मीठ, बाकी पाणी. गराची स्वतःची साखर धरून एकूण गोडी १४ टक्क्यांच्या आसपास जाते, बाटलीतल्या पेयाची गोडी तीच. घरचं पन्हं किंवा आमरस करणारा हात आपोआप गर जास्त घालतो. मग ते चांगलं लागतं, पण मँगोला लागत नाही. पातळच ठेवा.

गर फक्त हापूसचा घेतला तर वास छान येतो, पण पेय सपक होतं. निम्मा तोतापुरी घ्या, त्याचा आंबटपणा आणि किंचित कच्चट वास पाणी घातल्यावरही टिकतो. मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने दोनदा गाळा, नाहीतर तासाभरात खाली गर आणि वर पाणी. साखर-पाणी आधी उकळून घ्या, गर घातल्यावर मात्र ८५ अंशांवर आणून लगेच उतरवा. खळखळ उकळलं की मुरंब्याचा वास येतो आणि तो जात नाही. गरम असतानाच गरम काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, झाकण लावून दोन मिनिटं उलटी ठेवा. तरीही जागा फ्रिजमध्येच आणि आठवड्यात संपवायचं.

वरच्याला पुरवणी, परदेशातल्यांसाठी

भारतीय दुकानांत मिळणारा ८५० ग्रॅमचा डबा बहुधा साखर घातलेल्या गराचा असतो, वरची ११० ग्रॅम साखर त्यात घातली तर पेय गोडमिट्ट होईल. डब्यावर १०० ग्रॅममागे साखर किती ते लिहिलेलं असतं. तो आकडा दुप्पट करा (कारण गर २०० ग्रॅम) आणि १४० मधून वजा करा. येईल तेवढे ग्रॅम साखर घाला. समजा डब्यावर २७ असेल, तर १४० वजा ५४, म्हणजे ८६ ग्रॅम. केशर आंब्याच्या गराला आंबटपणा कमी असतो, त्याला सायट्रिक ॲसिड अर्धा ग्रॅम जास्त.

डालडा आणि एकूणच जुनं वनस्पती तूप

डालडा हे नाव १९३७ पासूनचं. २००३ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने ते बुंगे कंपनीला विकलं आणि नाव आजही दिसतं. मग बंद काय झालं? आतला पदार्थ. जुनं वनस्पती म्हणजे तेलात हायड्रोजन सोडून घट्ट केलेला स्निग्धपदार्थ, ट्रान्स फॅटने भरलेला. २०२१ च्या जानेवारीत त्याची मर्यादा ३ टक्के आणि २०२२ च्या जानेवारीत २ टक्के झाली. ते गेलं हे प्रकृतीच्या दृष्टीने उत्तमच. पण खारी, चिरोटे, नानकटाई करणाऱ्यांचा हात त्या तुपावर बसलेला होता. आजचं वनस्पती मुख्यतः पामपासून. त्याचा घट्ट भाग तोंडाच्या उष्णतेला पूर्ण वितळत नाही, म्हणून टाळूला मेण चिकटल्यासारखं वाटतं. जुन्याचा रवाळपणा त्यात नाही.

(जाता जाता: जुन्या वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती. चवीसाठी नाही, साजूक तुपातली भेसळ पकडायला. वितळलेल्या तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरल घालून हलवलं की तिळाच्या तेलामुळे लालसर रंग येतो, आणि दुकानदार पकडला जातो.)

आता चिरोटे. साध्या साजूक तुपाचा साठा (पदरांमध्ये लावायचं तूप-पिठीचं मिश्रण) मे महिन्यात हातातच वितळतो आणि पदर एकमेकांना चिकटतात. उपाय जुनाच आहे: १०० ग्रॅम घट्ट तूप परातीत घ्या, बर्फाचे चार-पाच खडे टाका आणि तळव्याने गोल गोल फेसा. दहा मिनिटांत ते पांढरंशुभ्र, हलकं होतं. पाणी पूर्ण निथळा, मग ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर किंवा बारीक तांदळाची पिठी मिसळा. पाव किलो मैद्याला दोन टेबलस्पून कडकडीत मोहन, चिमूटभर मीठ, दुधात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. तीन पातळ पोळ्या, प्रत्येकीवर साठा, एकावर एक, घट्ट गुंडाळी. गुंडाळी १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ही पायरी कुणी करत नाही आणि फरक इथेच पडतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून हलक्या हाताने एकदाच लाटा.

तेल १४०-१५० अंश, म्हणजे पिठाची गोळी टाकली की तळाशी दोन-तीन सेकंद थांबून हळू वर येईल इतपत. गोळी लगेच उसळली तर तेल फार तापलंय, बाहेरून रंग येईल आणि पदर मिटलेले राहतील. तेलात चिरोटा सुटून विखुरला तर साठा जास्त झालाय किंवा पिठी कमी पडलीय. तूपकट झाला तर आंच कमी पडलीय.

नानकटाईचं गणित वेगळं. वनस्पतीच्या जागी तेवढंच लोणी घालणारे फसतात, कारण बाजारच्या लोण्यात ८० टक्केच स्निग्धांश, सुमारे १६ टक्के पाणी. त्या पाण्याने मैदा चिवट होतो आणि नानकटाई बिस्किटासारखी कडक होते. तूपच घ्या: १०० ग्रॅम, फ्रिजबाहेरचं घट्ट, ८० ग्रॅम पिठीसाखरेबरोबर फेसून, मग १२० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम बेसन. गोळे अर्धा तास थंड करून १७० अंशांवर १६-१८ मिनिटं. भट्टीतून काढताना मऊच लागतात, तेवढ्यावर आणखी भाजत बसू नका.

आरेचं एनर्जी, काचेच्या बाटलीतलं

आरे डेअरीचं गोड, सुगंधी दूध. साध्या दुधात साखर आणि वेलची घालून ही चव येत नाही, कारण ती चव वेलचीची नाहीच. बाटलीतच ११५-१२० अंशांवर निर्जंतुक केलेल्या दुधाला किंचित खरपूस, खव्याकडे झुकणारी चव येते. आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या दाबाला तेवढंच तापमान असतं, तेव्हा काम सोपं आहे.

टोन्ड दूध (३ टक्के स्निग्धांश) अर्धा लिटर, साखर ३५ ग्रॅम. स्टीलच्या डब्यात, डबा पाऊणच भरून, सैल झाकण. कुकरमध्ये खाली जाळी आणि दोन बोटं पाणी. पहिल्या शिट्टीनंतर मंद आंचेवर १५ मिनिटं, मग दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर दूध डब्याबाहेर येतं. रंग किंचित बदामी दिसायला हवा. गार पाण्यात डबा ठेवून झटकन थंड करा आणि वेलचीचा किंवा पिस्त्याचा अर्क थंड झाल्यावर घाला, आधी घातला तर वाफेबरोबर जातो.

दूध त्याच दिवशीचं हवं. नुसतं उकळताना न फाटणारं दूधसुद्धा जरा आंबूस असेल तर या तापमानाला कणीदार होतं. आणि बूच लावलेली काचेची बाटली कुकरमध्ये कधीही ठेवू नका, फुटते. हे दूध फ्रिजमध्ये तीन दिवस. घरी हवाबंद भरता येत नसल्यामुळे कारखान्यासारखं बाहेर टिकणार नाही.

पानाच्या चवीची गोळी

रावळगावची पान पसंद. २०२४ मध्ये रावळगावचे ब्रँड २७ कोटींना रिलायन्सकडे गेले. घरी करायची तर साखर २०० ग्रॅम, द्रव ग्लुकोज ८० ग्रॅम, पाणी ८० मिली. १५० अंशांपर्यंत. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून काढा. दातांना न चिकटता कटकन मोडला पाहिजे. गोळीबंद पाकाच्या खूप पुढची ही पायरी आहे. उकळी आल्यावर ढवळायचं नाही, आणि भांड्याच्या कडेला उडालेली साखर ओल्या ब्रशने खाली आणायची. एक कण राहिला तरी सगळा पाक दाणेदार होऊ शकतो.

विड्याच्या पानांचा रस घालू नका. त्यातलं पाणी गोळी चिकट करतं आणि तापलेल्या पाकात रस हिरव्याचा तपकिरी होतो. पानाचा भास बडीशेप, वेलची, गुलाब आणि पुदिन्याच्या थंडाव्यातून होतो, म्हणून खाण्याचे अर्क घ्या. आंच बंद करून पाक १३० च्या खाली आला की मिळून सात-आठ थेंब. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, करायच्या भानगडीत पडू नका. गोळ्या कापून कागदात गुंडाळेपर्यंत ओल धरतात.

डबल सेव्हन राहिलंच की

कोका-कोला १९७७ मध्ये देशातून गेल्यावर मॉडर्न फूड या सरकारी कंपनीने काढलेलं कोला. पाककृती म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेची. ते घरी करायचा नाद सोडा. कोलाला जायफळ, दालचिनी, लिंबू, संत्रं अशी सुगंधी तेलं थेंबाच्या अंशात लागतात, आणि दुकानात मिळणारी बरीच तेलं खाण्याची नसतात, मालिशची असतात.

परत आलेल्यांबद्दल

पार्लेची रोल-अ-कोला ही कोलाच्या चवीची गोळी २०१९ मध्ये परत आली, एका ट्वीटवरून मागणी वाढली म्हणून. कॅम्पा २०२३ मध्ये रिलायन्सने आणलं. दुसऱ्या कंपनीने घेतलेलं जुनं पेय पिऊन ‘ती मजा नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी बाटली बघावी. प्लास्टिकच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडतो, उन्हात ठेवलेल्या बाटलीतून आणखी लवकर; काचेतून जवळजवळ नाहीच. तुलना करायची तर ताज्या तारखेची, सावलीत ठेवलेली छोटी बाटली घ्या आणि चार अंशांपर्यंत थंड करा.

आणि जे अजून मिळतंय पण जाईलसं वाटतंय, त्याचं वेष्टन जपून ठेवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, रंग आणि आम्लांचे आयएनएस क्रमांक (अशा घटकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतात, १०० ग्रॅममागे साखर किती तेही असतं. वर मँगोलाचं गणित मांडलंय, तसं कुठल्याही पेयाचं त्यावरून मांडता येतं. फोटो काढताना घडीखाली गेलेली ओळ उलगडून घ्या, आम्लाचा क्रमांक नेमका तिथेच असतो.

चिरोट्यांवर एक प्रश्न आणि उत्तर

फेसलेल्या तुपाचा साठा आदल्या दिवशी करून ठेवला तर चालतो का, असं कुणी विचारलंय. चालतो, पण पिठी न मिसळता. पिठी घालून फ्रिजमध्ये ठेवला तर तो दगड होतो, आणि मऊ करायला बाहेर ठेवला की कडेने वितळून मध्ये घट्ट राहतो. तूप तेवढं फेसून, निथळून झाकून ठेवा. पोळ्या लाटायला घेतल्या की पिठी मिसळा.