मदत हवी आहे: आयपॉड व्हिडिओची हार्ड डिस्क काढून एसडी कार्ड बसवायचे आहे

समेवर:
नमस्कार मंडळी. आयपॉड व्हिडिओ आहे, ३० जीबी, पाठीवर ए११३६ छापलेले. गाणे सुरू करताना आतून टकटक आवाज येतो आणि पडद्यावर लाल फुलीचे चिन्ह. रीसेट केला की कधी चालतो, कधी नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसडी कार्ड बसवणारे ॲडाप्टर मिळते असे कळले. संग्रह बहुतेक शास्त्रीय, सीडीवरून लॉसलेस (दर्जा न घटवता) साठवलेला, साधारण १०० जीबी. कोणते ॲडाप्टर घ्यावे, कार्ड किती मोठे चालेल, बॅटरीही आत्ताच बदलावी का? सोल्डरिंग येत नाही.

पट्टी_काळी_एक:
सोल्डरिंग लागतच नाही, तेवढी चिंता सोडा.

खर्च करण्याआधी डिस्कच गेली आहे ना ते बघा. मेनू आणि मधले बटण एकत्र दाबून धरा. ॲपलचे चिन्ह आले की लगेच मधले बटण आणि मागचे गाणे लावायचे बटण धरा. निदानाचा पडदा येईल. त्यात आयओ, मग हार्डड्राइव्ह, मग एचडीस्मार्टडेटा. रिअलॉक्स (खराब निघाल्याने बदललेले भाग) आणि पेंडिंग सेक्टर्स (खराब असल्याचा संशय असलेले भाग) यांचे आकडे मोठे असतील तर डिस्क संपली. दोन्ही शून्य असतील तर आतली रिबन, म्हणजे डिस्क जोडणारी चपटी पट्टी, सैल झालेली असू शकते. ती काढून नीट बसवली की बरेच आयपॉड काहीही विकत न घेता पुन्हा चालू लागतात. पण टकटक ऐकू येते म्हणता, तर बहुधा डिस्कच.

आता मॉडेल. संगीताच्या मेनूत सर्च दिसत असेल तर तुमचा २००६चा सुधारित, म्हणजे साडेपाचवी पिढी. नसेल तर २००५चा. कार्डाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. दोन्हींत वुल्फसनची ऑडिओ चिप आहे, दोन्ही १२८ जीबीच्या पुढची कार्डे ओळखतात. १२८ची मर्यादा आहे ती २००७चा ८० जीबी आणि २००८चा १२० जीबी आयपॉड क्लासिक यांना, तिथे मूळ फर्मवेअर (यंत्र चालवणारी आतली प्रणाली) १२८ जीबीच्या पुढे जात नाही. हा धागा वाचून कोणी क्लासिक उघडायला बसणार असेल तर हे ध्यानात ठेवा.

तारयंत्र:
वर सगळे बरोबर. पण ३० जीबीवाल्यांनी एक गोष्ट आधी समजून घेतलीच पाहिजे: रॅम. ३० जीबीच्या यंत्रात ३२ एमबी रॅम, ६० आणि ८० जीबीच्या यंत्रात ६४ एमबी. मूळ फर्मवेअर गाण्यांची पूर्ण यादी रॅममध्ये चढवते. मर्यादा येते ती गाण्यांच्या संख्येची, जीबींची नाही. ३२ एमबीवर ढोबळमानाने वीस हजार फायलींच्या आसपास गाडी अडते, टॅग (फायलीत लिहिलेली गाण्याची, गायकाची नावे) लांबलचक असतील तर त्याआधीच. लक्षण फसवे असते. सिंक व्यवस्थित पूर्ण होतो, केबल काढली की यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होते किंवा शून्य गाणी दाखवते. लोक कार्डाला दोष देतात.

तुम्हाला ही अडचण येणार नाही. सीडीवरचे लॉसलेस तासाला साधारण ३०० ते ४०० एमबी घेते. ख्यालाची एक फाईल अर्धा-पाऊण तासाची धरली तर १०० जीबीत पाचशे-सहाशे फायलीच होतील. ५१२ जीबी टाकले तरी तुमची रॅम पुरेल.

ॲडाप्टर: आयफ्लॅश सोलो घ्या. त्यात एकच पूर्ण आकाराचे एसडी कार्ड बसते. क्वाडमध्ये चार मायक्रोएसडी बसतात आणि ती जोडून एकच डिस्क दिसते, पण एक कार्ड गेले की सगळा संग्रह गेला. शंभर जीबीसाठी ती उठाठेव नको. सोलोत मायक्रोएसडी खोळीतून घालता येते, पण खोळ म्हणजे संपर्काची आणखी एक जागा, आणि सैल संपर्क शोधणे फार त्रासाचे असते. सरळ पूर्ण आकाराचेच कार्ड घ्या.

कार्ड १२८ नको, २५६ घ्या. १२८ जीबी संगणकावर ११९ दिसते, त्यात तुमचे शंभर गेले की उरले काय? वेगावर पैसे घालू नका. यूएसबी २.०च्या पुढे हे यंत्र जातच नाही, त्यामुळे व्हिडिओ कॅमेऱ्यासाठीची महाग कार्डे इथे वाया जातात. मात्र काही कार्डे यंत्र झोपले तरी करंट खात राहतात आणि न वापरताही बॅटरी उतरते. म्हणून ॲडाप्टर बनवणाऱ्यांनी चालतात म्हणून सांगितलेल्या कार्डांतलेच एक निवडा. कार्ड हातात आले की आयपॉडात घालण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. २५६ लिहिलेले पण आत ३२च असलेले नकली कार्ड रिस्टोअरला (आयट्यून्समधून यंत्र नव्याने तयार करण्याला) उत्तीर्ण होते आणि ३२च्या पुढची गाणी मुकाट्याने खराब करते.

समेवर:
फार उपयोगी. आकडे पाहिले, पेंडिंग सेक्टर्स तीन आकडी आहेत. उघडताना काय सांभाळायचे?

पट्टी_काळी_एक:
म्हणजे डिस्कच.

आधी होल्डचे सरकबटण चालू करा. प्लास्टिकचे पातळ हत्यार वापरा, स्क्रूड्रायव्हर घातलात तर स्टीलची पाठ वाकते आणि पुन्हा कधी नीट बसत नाही. बाजूच्या फटीतून सुरुवात करा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका, एकेक खाच सुटत जाईल.

पाठ सुटली की ओढू नका. पुढचा आणि मागचा भाग दोन रिबनींनी जोडलेले असतात. पहिली बॅटरीची, नारिंगी. तिच्या कनेक्टरचा तपकिरी पट्टा नखाने किंवा हत्याराने जेमतेम दोन मिलिमीटर वर उचला आणि रिबन सरकवून काढा. हा पट्टा पूर्ण उपटला तर सोल्डरसकट निघतो, आणि मग खरोखर सोल्डरिंग लागते. सगळ्यात जास्त यंत्रे इथेच मरतात. दुसरी रिबन हेडफोनच्या खाचेची, ती डिस्क उचलल्यावर दिसते. जागा पुरत असेल तर ती सोडवूच नका, पाठ पुस्तकासारखी बाजूला उघडून ठेवा.

डिस्कची रिबन काढण्याआधी फोटो काढा, कोणती बाजू वर होती ते दिसले पाहिजे. ॲडाप्टरवरचा काळा पट्टा उभा करायचा, रिबन सरळ आणि शेवटपर्यंत घालायची, पट्टा मिटायचा. तिरकी बसली तर यंत्राला डिस्क दिसतच नाही.

डिस्क गेल्यावर आत पोकळी राहते. ॲडाप्टरखाली काप्टॉन टेप (वीज न वाहणारी पिवळसर चिकटपट्टी) आणि वर फोमचा तुकडा लावा, नाहीतर ते हलत राहील. पाठ मात्र रिस्टोअर होईपर्यंत दाबून बंद करू नका.

तारयंत्र:
बॅटरी आत्ताच बदला. ३० जीबीची मूळ बॅटरी पातळ आणि छोटी, आता तर जुनीही. रिस्टोअरच्या वेळी व्होल्टेज पडून यंत्र मध्येच बंद झाले की पुन्हा पहिल्यापासून. डिस्कची जागा मोकळी झाल्यामुळे पातळ पाठीतही २००० एमएएचच्या आसपासची बॅटरी बसवता येते. ३००० हवी असेल तर ६० किंवा ८० जीबीची जाड पाठ लागते. मोठ्या बॅटरीला चार्ज व्हायला तितकाच जास्त वेळ लागतो आणि पडद्यावरचे बॅटरीचे चिन्ह भरवशाचे राहत नाही, ते बिघाड समजू नका. जुनी बॅटरी उचकटताना टोचू नका, फुगलेली असेल तर अजिबातच नाही. घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

समेवर:
सगळे बसवले. आयट्यून्स आयपॉड ओळखते, पण रिस्टोअर १४३९ अशी चूक दाखवून थांबते. विंडोज आहे.

पट्टी_काळी_एक:
घाबरू नका, कार्ड वाया गेलेले नसते. बहुतेक वेळा केबल किंवा पोर्ट. हब काढून संगणकाच्या मागच्या यूएसबी २.० पोर्टात थेट लावा, केबल बदला. मग डिस्क मोडमध्ये न्या: मेनू आणि मधले बटण, चिन्ह आले की मधले बटण आणि प्ले. तिथून रिस्टोअर करा. तरीही तेच आले तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला आणि विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्रॅममध्ये क्लीन ही आज्ञा देऊन त्यावरची सगळी विभाजने पुसा. क्लीन लिहिण्याआधी डिस्कचा क्रमांक दोनदा बघा, चुकीची डिस्क निवडली तर ती पुसली जाईल.

समेवर:
पोर्ट बदलल्यावर झाले! २३८ जीबी दाखवतो आहे. मनापासून आभार. शेवटचे: काही फायली फ्लॅक या दुसऱ्या लॉसलेस प्रकारात आहेत आणि टॅग देवनागरीत.

तारयंत्र:
वा, छान झाले. मूळ फर्मवेअर फ्लॅक वाजवत नाही. ॲपल लॉसलेसमध्ये बदला, दर्जा तसूभर कमी होत नाही. २४ बिटच्या फायली १६ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर आणा.

बदलायचे नसेल तर रॉकबॉक्स हे पर्यायी फर्मवेअर घाला, ते फ्लॅक थेट वाजवते. त्याला कार्ड फॅट३२ या रचनेत हवे. तुम्ही विंडोजवर रिस्टोअर केले आहे, म्हणजे ते आहेच. मॅकवर रिस्टोअर केलेल्याला आधी ते बदलावे लागते. मूळ फर्मवेअरही शाबूत राहते, सुरू होताना होल्ड सरकवले की तेच उघडते. देवनागरीसाठी रॉकबॉक्समध्ये युनिफाँट हा फाँट निवडा, अक्षरे दिसतील, पण जोडाक्षरे जुळत नाहीत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते. रागाचे आणि गायकाचे नाव रोमनमध्ये ठेवलेत तर शोधायला सोपे जाईल. मूळ देवनागरी टॅग असलेली प्रत संगणकावर वेगळी जपा.