स्टेप काउंटरच्या कॅलऱ्या खायच्या की सोडून द्यायच्या?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. वय ३८, उंची १७० सेंमी, वजन ७८. सकाळी कंबर तलावाला चालायला जातो, दिवसभराचं धरून फोनवर दहा हजाराच्या आसपास स्टेप पडतात. बाकी ऑफिस होटगी रोडला, खुर्चीतलंच काम. जेवण लिहायचं एक अॅप घेतलंय आणि त्याला फोनचा स्टेप काउंटर जोडलाय. सुरुवातीला 'मध्यम हालचाल' निवडलं आणि आठवड्याला अर्धा किलो कमी करायचंय असं टाकलं, तर ते रोजच्या २०७० कॅलऱ्या देतं आणि चाललो की वर साडेतीनशे वाढवून देतं. देतंय तर खाऊया म्हणून रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी, दही निवांत चालतं. पण काटा काय हलंना झालाय ओ. फोन स्टेप चुकीच्या मोजतोय का?

आकडेमोड
स्टेप बरोबर असतील भाऊ, गोची सेटिंगमधी आहे. तुमचा बीएमआर, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला जाळतं त्या कॅलऱ्या, मिफ्लिनच्या सूत्राने काढला तर १६५७ येतो (१० गुणिले वजन, अधिक ६.२५ गुणिले उंची, वजा ५ गुणिले वय, अधिक ५). बैठं काम म्हणजे त्याला १.२ ने गुणायचं, झाले १९९०. 'मध्यम'ला अॅप १.५५ ने गुणतं, म्हणजे २५७०. हे जे मधले ५८० आहेत ना त्यात तुमचं कंबर तलावाचं चालणं धरलेलंच आहे, आणि वरून स्टेपचे साडेतीनशे परत मिळतायत. एकाच कामाचा दोनदा पगार. आठवड्याला अर्धा किलो उतरवायला २५७० मधून रोज ५०० वजा म्हणून २०७०, अधिक ३५०, म्हणजे तुम्ही २४२० खाताय आणि खरा खर्च साधारण २२५० च्या आसपास. काटा हलणार कसा?
एकतर 'बैठं' निवडा आणि स्टेप जोडलेल्या ठेवा, नाहीतर 'मध्यम' ठेवून स्टेप तोडा. मी पहिलं करीन, कारण पावसात चालणं बुडलं तर जेवण पण आपोआप कमी होतं.

विजापूररोड
आणि ते साडेतीनशे पण जास्तच आहेत बरं का. सपाट रस्त्याला किलोमीटरमागं जादा खर्च वजनाच्या निम्मा धरायचा, ७८ किलोला ४० कॅलरी. दहा हजार स्टेप म्हणजे सात किमी, झाले २८०. त्यातल्या पण थोड्या स्टेप 'बैठं' मधी आधीच मोजलेल्या असतात, मी तर अॅप जे वाढवून देतं त्याच्या निम्मंच खातो. शेंगाचटणीचे दोन भरगच्च चमचे म्हणजे ३० ग्रॅम, जवळजवळ सगळा शेंगदाणाच, दीडशेच्या वर गेलं की बे. चार किमीचं चालणं भाकरीच्या कडेला संपलं. चटणी सोडा म्हणत नाय, सोलापुरात राहून कोण सोडतंय, पण चमचा मोजून घ्या.
फोन पण तपासा. आतला सेन्सर फक्त हिसके ओळखतो, त्यामुळं खड्ड्यातनं गाडी गेली की स्टेप वाढू शकतात. घरातनं निघताना आकडा बघा, ऑफिसात गाडी लावल्यावर परत बघा.

भाकरीवाली
माझं उलटं आहे. घरात फोन ओट्यावर पडलेला असतो, ड्रेसला खिसा नाही, मग झाडलोट, धुणं, गच्चीवरच्या फेऱ्या यातलं काहीच फोनला कळत नाही. संध्याकाळी अॅप म्हणतं आज कमी चाललात आणि आहे त्यातल्या पण कॅलऱ्या कापतं! आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलऱ्या धरल्यात आणि हे मला १२०० च्या खाली न्यायला निघालं. ते वजा करायचं बटण मी बंद करून टाकलंय. अॅपला काय जातंय, चक्कर आपल्याला येते.

जुळेसोलापूरकर
आकडेमोड, आत्ताच 'बैठं' केलं, डायरेक्ट १४९० वर आलं की ओ! स्टेपचं निम्मं धरून साडेसोळाशे. मग दहा हजाराच्या ऐवजी पंधरा हजार करू का?

आकडेमोड
दहा हजार हा काय डॉक्टरांनी ठरवलेला आकडा नाही, जपानात १९६५ ला स्टेप मोजायचं यंत्र विकायला आलं तिथनं तो रूढ झाला. आहे ते चालणं राहू द्या. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन लिहा, आठवड्याची सरासरी काढा, दोन-तीन आठवडे बघा. सरासरी उतरली नाही तर १०० कमी करा, लई भराभर उतरली तर १०० वाढवा. हुरड्याला शेतात गेल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी काट्यावर चढू नका.