लाल शेवाळावरच्या परजीवीला वेगळं जीनस कशाला?

खाजनवाला: लाल शेवाळावर जगणारं लाल शेवाळच असतं, फिकट फोडासारखं, आणि त्यातली बरीचशी आपल्या होस्टचीच, म्हणजे ज्यावर बसतात त्या शेवाळाचीच, जवळची नातलग निघतात, भाऊबंदकीच सगळी. तरी जुन्या लोकांनी जरा बुटकं नि बिनरंगी दिसलं की नवं जीनस (जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) काढलं, हिप्निया नावाच्या लाल शेवाळावरचं हिप्निओकोलॅक्स, प्लोकॅमियमवरचं प्लोकॅमिओकोलॅक्स. डीएनए होस्टच्या जीनसमध्ये बसत असेल तर नावही तिथंच जावं. २०१४ मध्ये न्यूझीलंडचं एक परजीवी सरळ होस्टच्याच ऱ्होडोफिलिस जीनसमध्ये, ऱ्होडोफिलिस पॅरासिटिका म्हणून नोंदवलं, विषय संपला.

दोनापावलकर: कसला संपला बाब! हिप्निओकोलॅक्स म्हटलं की कुणावर बसलंय ते लगेच कळतं. बांडगुळाला आपण आंबा म्हणतो काय?

खाजनवाला: बांडगूळ आंब्याचं कुणीच लागत नाही हो, कूळच वेगळं. आणि होस्टवरून नाव ठेवलं नि उद्या होस्टच हलला तर? कोरिओकोलॅक्स पॉलिसायफोनिई हे परजीवी घ्या, त्याचा होस्ट पॉलिसायफोनियातून उचलून व्हर्टेब्राटात टाकला, हे बिचारं जुनंच नाव मिरवतंय. शिवाय दिसण्यावरून एका कुटुंबात कोंबलेल्या परजीवींतलं होल्मसेला २००४ च्या अभ्यासात ग्रासिलेरिया या लाल शेवाळाच्या घरचं निघालं!

हणजूणकार: डीएनए डीएनए करताय, पण कुठला डीएनए? काही परजीवी आपलं केंद्रक होस्टच्या पेशीत सोडतात आणि प्लास्टिड (पेशीतला प्रकाशसंश्लेषणाचा भाग) मात्र होस्टचंच वापरतात, ग्रासिलेरिओफिला तसलंच. तिथं आरबीसीएल हा प्लास्टिडमधला जीन लावलात तर होस्टचाच सीक्वेन्स हातात येणार नि तुम्ही म्हणणार बघा सेम जीनस! केंद्रकातला नाहीतर मायटोकाँड्रियाचा जीन घ्या, मग भांडा. आणि आमच्या हणजूणच्या खडकांवर ओहोटीला ग्रासिलेरियावर गोल फोड दिसतात ना, ते बहुतेक मादीचे सिस्टोकार्प (बीजाणू तयार करणारे फुगवटे) असतात, आडवा काप घेतल्याशिवाय परजीवी परजीवी करत फोटो टाकू नका.

खाजनवाला: मान्य, केंद्रकातलाच घ्यायचा. पण त्यातही होस्टच्या जीनसमध्येच पडलं तर?

दोनापावलकर: तर काय, नामकरणाचा कोड नाव कसं ठेवायचं त्याचे नियम सांगतो, जीनसची कुंपणं कुठं घालायची ते सांगत नाही, ते आपणच ठरवायचं. उद्या ग्रासिलेरियाच्या वर्णनात "लालसर फांद्या, किंवा मिलिमीटरभर पांढरा फोड" असं लिहाल काय? मग ओळखायची 'की' (लक्षणांवरून नाव शोधायचा तक्ता) घेऊन बसलेल्या पोरांनी करायचं काय?

खाजनवाला: 'की'मध्ये एक ओळ वाढवायची. त्यासाठी अख्खं जीनस नको.