मदत हवी आहे: छोट्या खोलीत अडीच ते पाच वर्षांच्या मुलांना खेळतं कसं ठेवावं?

पाळणाघर_९

नमस्कार. पाळणाघरातल्या ९ मुलांसाठी सल्ला हवा आहे. तिघं अडीच वर्षांची, चौघं तीन ते चारमधली, दोघं पाचाला टेकलेली. खोली १२ बाय १५ फूट, फरशी गुळगुळीत, खालच्या मजल्यावर लोक राहतात. मैदानावर आठवड्यातून दोनदाच नेता येतं. बाकीच्या दिवशी संध्याकाळची ४५ मिनिटं खोलीतच खेळायची असतात.

सध्या संगीत खुर्ची, रांगेत उभं राहून टोपलीत चेंडू टाकणं आणि पकडापकडी असे तीन खेळ चालतात. अडचणी अशा:

१. दहा मिनिटांत निम्मी मुलं कोपऱ्यात बसलेली दिसतात.
२. मोठी दोघं सुसाट धावतात आणि लहानांना धडकतात.
३. चार वर्षांची एक मुलगी रोज ‘पाय दुखतात’ म्हणून बसून राहते.
४. उड्यांच्या आवाजाची खालून तक्रार येते.

मुलांना बसवून टीव्ही लावणं सोपं आहे, पण ते करायचं नाही. नेमकं काय बदलावं?

बालवाडीताई

ताई, मुलं बसतात ती आळशी म्हणून नाही, खेळच त्यांना बसवतो. रांगेचा हिशोब करून बघा. एकेका मुलाचा डाव २० सेकंदांचा धरला तर ९ मुलांची फेरी ३ मिनिटांत होते. २० मिनिटं हा खेळ चालला तर प्रत्येक मूल जेमतेम सव्वादोन मिनिटं हलतं आणि बाकीचा वेळ उभं राहतं. तीन वर्षांचं मूल एवढा वेळ नुसतं उभं राहूच शकत नाही. मग ते ढकलाढकली करतं नाहीतर जाऊन बसतं.

संगीत खुर्चीत तर उलटाच न्याय आहे. पहिल्यांदा बाद होतं सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत हळू मूल, म्हणजे ज्याला सरावाची गरज सगळ्यांत जास्त आहे तेच. खेळ ठेवा, बाद करणं काढून टाका. खुर्च्यांऐवजी जमिनीवर कागदी चिकटपट्टीने मोठे गोल आखा. संगीत थांबलं की गोलात जायचं. दर फेरीला एक गोल कमी करा, मूल मात्र एकही कमी करू नका. शेवटी दोन मोठ्या गोलांत सगळी दाटीवाटीने उभी राहतात आणि त्यांना तेच सगळ्यांत आवडतं. चालायची पद्धतही दर फेरीला बदला: टाचांवर, चवड्यांवर, उलटं, गुडघे उंच करून.

आणि अडीच वर्षांच्यांना ‘कच्चा लिंबू’ करू नका. आपण धावलो काय, बसलो काय, कुणाला फरक पडत नाही हे त्यांना लगेच कळतं आणि ती खेळातून अंग काढून घेतात. त्यांना सोपं पण खरं काम द्या.

पाळणाघर_९

हिशोब पटला. मग रांगेऐवजी काय? सगळ्यांना एकदम सोडलं की धडकाधडकी होते.

बालवाडीताई

गोल वाट करा. भिंतीला लागून, सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं. समोरून कुणी येत नाही, त्यामुळे निम्म्या धडका तिथेच संपतात. वाटेवर पाच ठिकाणं ठेवा आणि दोघादोघांना वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करू द्या.

पहिलं: जमिनीवर ६ फूट चिकटपट्टी, तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं. दुसरं: टेबलावर चादर टाकून बोगदा, त्यातून रांगत जायचं. तिसरं: ‘नदी’. दोन दोऱ्या जमिनीवर अशा ठेवा की एका टोकाला १५ सेंटिमीटर अंतर आणि दुसऱ्या टोकाला ४५. कुठून उडी मारायची हे मुलानेच ठरवायचं. अडीच वर्षांचं अरुंद टोकाकडून पाय टाकून जातं, पाच वर्षांचं रुंद टोकाकडे वळतं, आणि कुणालाही ‘तुला जमणार नाही’ म्हणावं लागत नाही. चौथं: गादी, तिच्यावरून आडवं लोळत जायचं. पाचवं: अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात नेऊन ठेवायची. दर फेरीला एकच बाटली. हे ओझं वाहणं मुलं फार मन लावून करतात. सारखी उधळणारी मुलंसुद्धा इथे सावकाश चालतात.

वाट कुठे तुंबते ते पहिल्याच दिवशी दिसेल. बहुतेक बोगद्यापाशीच तुंबते. तसं झालं तर बोगद्याशेजारी दुसरी वाट ठेवा: खुर्चीखालून सरपटत जाणं.

वाट तीन-चार दिवस तशीच ठेवा, मग एकच ठिकाण बदला. रोज सगळं नवं मांडलं तर सूचना ऐकण्यातच वेळ जातो.

फिजिओ_खिडकी

फरशीबद्दल आधी. नुसते मोजे घालून खेळू देऊ नका, अनवाणीच खेळू द्या. पायाची बोटं जमीन पकडतात, तोल लवकर येतो. गादी भिंतीला टेकवून ठेवा किंवा तिच्याखाली रबरी जाळी घाला, नाहीतर पळत येणाऱ्या मुलाच्या पायाखालून ती सरकते. टेबलाचे कोपरे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, त्यांना जाड फडकं गुंडाळा.

आवाजासाठी उड्या बंद करायची गरज नाही, जमिनीवर उतरणं शिकवा. ‘मांजरासारखं उतर, मला ऐकू आलं नाही पाहिजे’ एवढंच सांगा. आवाज न करता उतरायचं तर गुडघे वाकवावेच लागतात आणि आधी चवडा टेकतो. खालच्यांचा त्रास कमी होतो आणि मुलाच्या गुडघ्यांनाही हिसका बसत नाही. उंचावरून उडी मारायचीच असेल तर या वयाला २० सेंटिमीटरची पायरी पुरे, खाली गादी हवी.

कुणाकडून काय अपेक्षा ठेवायची हेही बघा. दोन्ही पाय एकदम उचलून उडी साधारण अडीचच्या आसपास येते. तिसऱ्या वर्षी मूल एका पायावर क्षणभर उभं राहतं. लंगडी चार-पाचशिवाय नीट जमत नाही. यात महिन्यांचा फरक पडतोच. लंगडीची शर्यत ठेवली तर तीन वर्षांचं मूल हमखास पडतं आणि पुन्हा खेळायला येत नाही.

चेंडूचंही तसंच. तीन वर्षांचं मूल हात सरळ पुढे करून उभं राहतं, चेंडू आला की तोंड फिरवतं आणि चेंडू छातीवर आपटून खाली पडतो. कारण चेंडू लहान, कडक आणि वेगवान असतो. हवा भरायचा मोठा, हलका चेंडू घ्या, थोडी हवा कमी ठेवा म्हणजे बोटं रुततात. एका मीटरवरून, खालून वर, छातीच्या रोखाने टाका. ‘पकड’ म्हणण्याऐवजी ‘चेंडूला मिठी मार’ म्हणा. रबरी फुगे मात्र नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर श्वासनलिकेवर घट्ट बसतो आणि काढणं फार कठीण जातं.

मैदानी

४५ मिनिटं सलग घेताय का? घेत असाल तर तोडा. या वयाची मुलं मोठ्यांसारखी एका लयीत पळत नाहीत. काही सेकंद जोरात पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं, हीच त्यांची रीत. थांबलेल्या मुलाला दमलं समजून बसवू नका आणि ‘पळ, पळ’ म्हणून मागेही लागू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात निदान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी. एक-दोन वर्षांच्यांनाही १८० मिनिटंच, पण जोराची अट नाही. हे सगळं दिवसभर विखुरलेलं चालतं. सलग एका तासापेक्षा जास्त वेळ मूल एका जागी अडकवून ठेवू नये, असंही त्यात आहे. त्यामुळे २० मिनिटांचे दोन भाग करा आणि उरलेली पाच मिनिटं सकाळच्या बैठ्या कामांच्या मध्ये घाला. चटया उचलणं, खोकी ढकलत नेणं, हेही मोजायचं.

पकडापकडी दोन प्रकारे बदलता येईल. एक, सगळ्यांनी हातापायांवर चालायचं, ढुंगण वर. मोठ्यांचा वेग आपोआप पडतो आणि खांद्यांना चांगलं काम मिळतं. दुसरा प्रकार शेपटीचा: प्रत्येकाच्या कमरेला मागे एक रुमाल खोचायचा, अर्धा बाहेर. एकमेकांची शेपटी ओढायची. शेपटी गेली की मधल्या खोक्यातून नवी घ्यायची आणि पुन्हा खेळात यायचं. कुणावर राज्य नाही, कुणी बाद नाही. रुमाल बांधायचा नाही, फक्त खोचायचा. बांधला तर ओढताना मूल पडतं. मात्र १२ बाय १५ मध्ये हा खेळ एका वेळी चौघांनाच झेपेल, तेव्हा बाकीच्या पाच जणांना दुसरं काम द्या.

एक_आजोबा

प्रश्न आहे. बाद नाही, हार नाही, तर चुरस कुठून येणार? खेळात हरायलाही शिकलं पाहिजे की.

बालवाडीताई

आजोबा, हरायला शिकायचं ते खरंच, पण त्याला पाच-सहा वर्षं पूर्ण होऊ देत. त्याआधी चुरस एकमेकांशी नको, घड्याळाशी लावा. सगळ्यांनी मिळून गाणं संपायच्या आत ३० चेंडू खोक्यात भरायचे. किंवा खोलीच्या मध्ये दोरी आखा, दोन्ही बाजूंना मोज्यांच्या गुंडाळ्या ठेवा, एकूण ३०. घंटा वाजेपर्यंत आपल्या बाजूच्या गुंडाळ्या पलीकडे फेकत राहायचं. नऊच्या नऊ मुलं वाकतात, उचलतात, फेकतात, पळतात. गुंडाळी अंगावर आली तरी लागत नाही आणि आवाजही होत नाही. एक मिनिट खेळ, अर्धा मिनिट दम, अशा पाच-सहा फेऱ्या पुरतात. मोजून कुणी जिंकलं हे सांगायची गरज पडत नाही, मुलंही विचारत नाहीत.

बालरोग_कट्टा

‘पाय दुखतात’ म्हणणाऱ्या मुलीबद्दल लिहितो, कारण सगळ्यांनी खेळांचं लिहिलं पण तिचं राहून गेलं.

ती कधी म्हणते ते आठवडाभर टिपून ठेवा. खेळाची घोषणा होताच म्हणते, की पाच मिनिटं पळाल्यावर? घोषणेलाच म्हणत असेल तर बहुधा धडकण्याची भीती आहे किंवा मागे जमलं नाही त्याची लाज. बूट घालून मैदानावर म्हणत असेल तर बूट तपासा: उभं असताना अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. झोपही विचारा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. ती कमी पडत असेल तर संध्याकाळी मूल मलूल असतं.

पण काही खुणा दिसल्या तर आई-बाबांना डॉक्टरांकडे जायला सांगा: एकाच पायात सतत दुखणं, लंगडणं, सांध्याला सूज, दुखण्यासोबत ताप, धावल्यावर दर वेळी खोकला किंवा छातीत सूं-सूं, जमिनीवरून उठताना हातांनी स्वतःच्याच मांड्यांवर जोर देत उठणं, आधी येणारी गोष्ट आता न येणं. हा आळस नव्हे आणि खेळवून तो जाणार नाही.

तसं काही नसेल तर तिला खेळाच्या मधलं काम द्या. घंटा तिने वाजवायची, पण घंटा खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवा, म्हणजे तिला ये-जा करावी लागेल. काही दिवस ती नुसतं बघत बसली तरी चालेल. लहान मुलं बघूनही खेळ शिकतात, मग उतरतात. हाताला धरून ओढू मात्र नका, कुणालाच. पाच वर्षांखालच्या मुलाचं मनगट धरून झटका दिला की कोपराजवळचं हाड जागेवरून सरकू शकतं. मूल मग तो हात हलवतच नाही. उचलायचं तर काखेत धरून उचला.

आणि वजनावर बोलणं नको. ‘बारीक व्हायला पळ’ किंवा ‘पळालास तर खाऊ’ म्हटलं की खेळाची शिक्षा किंवा मजुरी होते. मस्ती केली म्हणून खेळ बंद करणं तर त्याहून वाईट, कारण खेळाची गरज त्याच मुलाला जास्त असते.

पाळणाघर_९

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून गोल वाट आणि मोज्यांच्या गुंडाळ्या सुरू करते. मुलीचं आठवडाभर टिपून ठेवेन. दोन शंका: मैदानाच्या दिवशी काय वेगळं करावं? आणि नदीची दोरी मोठ्यांसाठी उंच बांधली तर चालेल का?

मैदानी

मैदानावर खोलीत जमत नाही तेच करा: लांब पळणं, चढणं, झोके. तिथे चिकटपट्ट्या आणि गोल नकोत. उघड्यावरच्या भरपूर उजेडाचा डोळ्यांनाही फायदा आहे, लांबचं अंधुक दिसून मुलांना चष्मा लागण्याची शक्यता त्याने कमी होते, म्हणून सावलीत का होईना, बाहेर जास्त वेळ जाऊ द्या. घसरगुंडीला आधी आपला हात लावून बघा, उन्हात पत्रा चटका देण्याइतका तापतो. लहानाला मांडीवर घेऊन घसरू नका. त्याचा पाय कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचं वजन ढकलतं आणि नडगीचं हाड मोडतं. स्वतःहून चढता येत नसेल तर अजून घसरगुंडीची वेळ आलेली नाही. तहान लागायची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पाणी द्या.

फिजिओ_खिडकी

दोरी दोन्हीकडे घट्ट बांधू नका. पाय अडकला की दोरी सुटत नाही आणि मूल तोंडावर पडतं. एक टोक खुर्चीखाली दाबा, दुसरं मोठ्या माणसाने सैल धरायचं, पाय लागताच सोडून द्यायचं. उंची घोट्यापासून सुरू करा, पाच वर्षांच्यांसाठी फार तर नडगीच्या मध्यापर्यंत. खेळ संपला की दोरी लगेच गुंडाळून मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. खोलीत पडलेली दोरी मुलं गळ्यात घालतात.