वडिलांच्या भांडणाचा साक्षीदार दहा वर्षांचा मुलगा: जबाबाआधी त्याला काय सांगावं, काय सांगू नये?

जिन्याखालची_खोली (प्रश्न)

भाचा दहा वर्षांचा, पाचवीत. लालबागला चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहतो. खोलीच्या पुनर्विकासाच्या कागदांवरून त्याचे वडील आणि धाकटा काका यांची गॅलरीत जुंपली, काका जिन्यावरून खाली गेला, मनगटाचं हाड मोडलं. हत्यार वगैरे काही नव्हतं. काकाने पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या वेळी दारात मुलगा एकटाच उभा होता.

आता आजी रोज रात्री अंथरुणात त्याच्याकडून घोकून घेते, "काकाचा पाय घसरला, एवढंच बोलायचं." तिकडे काकू शाळेच्या वाटेवर गाठून म्हणते, "पप्पांनी ढकललं ना रे? मग सांग ना तसं." वडील काही बोलत नाहीत, आईही नाही. पोलीस दोन-चार दिवसांत जबाब घेणार आहेत. मुलाचं पोट रोज सकाळी दुखतं. त्याने विचारलं, "खरं सांगितलं तर पप्पा जेलमध्ये जातील, खोटं सांगितलं तर मी जाईन का?"

जबाब कुठे घेतात? नाही म्हणता येतं का? सोबत कोणी बसावं? आणि मुख्य म्हणजे, त्याला सांगायचं काय?

काळा_कोट_पांढरी_पट्टी

आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते त्याला आजच मिळायला हवं. नाही, तो जेलमध्ये जाणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात ठेवतच नाहीत. हे वाक्य त्याला अगदी असंच सांगा.

वडिलांचं थोडं सविस्तर. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. हाड मोडलं म्हणजे कायद्याच्या भाषेत 'गंभीर दुखापत'. हत्यार नसेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२) लागतं. शिक्षा जास्तीत जास्त सात वर्षं, पण गुन्हा जामीनपात्र आहे आणि न्यायालयाच्या परवानगीने जखमी माणूस, म्हणजे काका, तो मिटवूही शकतो. म्हणजे या प्रकरणाची किल्ली पोराच्या तोंडात नाही, दोन भावांच्या हातात आहे. पोलिसांनी कोणतं कलम लावलंय ते मात्र एफआयआरच्या प्रतीवर बघा, अंदाजाने चालू नका.

जबाबाचं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस चौकशीसाठी ठाण्यात बोलावू शकत नाहीत, घरी यावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम १७९. तुमची तयारी असेल तर ठाण्यातही घेता येतो, पण तयार होऊ नका. दहा बाय बाराच्या खोलीत आजी कॉटवर बसलेली असेल तर ते घर असूनही उपयोग नाही. तुमच्याकडे किंवा शेजारच्या विश्वासातल्या खोलीत घेता येईल का, असं तपास अधिकाऱ्याला आधीच विचारून ठेवा.

'सांगणार नाही' असं म्हणता येत नाही. नवराबायकोचं आपापसातलं बोलणं कायद्याने झाकलेलं आहे, बाप-लेकाचं नाही. नंतर पप्पा काय म्हणाले, आजी काय म्हणाली, हेही विचारलं जाऊ शकतं.

जबाब लिहून झाला की वाचून दाखवायला सांगा. त्यावर मुलाची सही घेत नाहीत, मागितली तरी द्यायची नाही. मुलगा म्हणतो "पप्पांनी काकाला हात लावला". कागदावर उमटतं "शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली". ही ठाण्याची घडीव भाषा आहे, त्यात कोणाचा हेतू असेलच असं नाही. पण दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारतो, "बाळा, हाताबुक्क्या म्हणजे काय?" मुलाला सांगता येत नाही आणि त्याचं खरं बोलणंही पढवलेलं ठरतं. शब्द त्याचेच राहू द्या, असं तिथल्या तिथे नम्रपणे सांगा.

वडिलांच्या वकिलाने मुलाची तयारी करून घेऊ नये, काकाच्याही नाही. स्वतंत्र सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पाटी_पेन्सिल

वरचं सगळं ठीक, पण पोट दुखतंय ते कलमांमुळे नाही. त्याला वाटतंय की घर टिकवणं किंवा मोडणं आपल्या एका वाक्यावर आहे. हे ओझं आधी उतरवा.

आजपासून घरात त्या दिवसाबद्दल त्याला कोणी काही विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. एकच गोष्ट दहा जणांनी दहा तऱ्हेने विचारली की मुलाच्या आठवणीत प्रश्न मिसळतात. "ढकललं ना?" हे आठ वेळा ऐकलेल्या मुलाला महिन्याभराने ढकलताना दिसू लागतं, आणि "घसरला" रोज घोकणाऱ्याला ओला जिना आठवू लागतो. तो तेव्हा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसत असतं, म्हणून आजीचं आणि काकूचं दोघींचंही थांबवा. काकूला शाळेच्या वाटेवर भेटू द्यायचं नाही, काही दिवस ने-आण मोठ्या माणसाने करावी.

मग त्याला हे सांगा. त्याने पाहिलं आणि ऐकलं तेवढंच त्याचं. पप्पांचा हात कुठे होता, काका कोणत्या पायरीवर होता, कोण काय ओरडलं. पप्पांना पाडायचं होतं का, चूक कोणाची, शिक्षा काय, हे त्याने सांगायचं नाही, त्याला ते माहीतही नाही. "ढकललं" या शब्दात पाहिलेलं आणि ठरवलेलं दोन्ही आहे. "पप्पांचा हात काकाच्या छातीवर होता, मग काका मागे गेला" यात फक्त पाहिलेलं आहे. मधला क्षण त्याने पाहिलाच नसेल तर "तेव्हा मी आत बघत होतो" हेही पूर्ण उत्तर आहे. बहुतेक मुलांचा जीव इथे हलका होतो, कारण त्यांच्या वाट्याचं खरं त्यांना वाटतं त्यापेक्षा खूप लहान असतं.

सराव करायचा तर घटनेचा नाही, उत्तर देण्याच्या पद्धतीचा. मुलांना प्रश्न विचारणारे तज्ज्ञ सुरुवातीला हेच करतात:

"माझ्या ऑफिसातल्या शिपायाचं नाव काय?" तो अंदाज बांधू लागला तर थांबवा. "माहीत नाही" म्हणाला की शाबासकी द्या. मोठ्यांना "माहीत नाही" म्हणणं उद्धटपणा आहे असं आपल्या मुलांना वाटतं, शाळेत तर त्यावर ओरडाच मिळतो, म्हणून हे मुद्दाम शिकवावं लागतं.

"तू आठ वर्षांचा ना?" त्याने "नाही, दहा" म्हणायला हवं. मोठा माणूस चुकला तर सांगायचं.

शेवटी, "काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं, सगळं सांग." मध्ये बोलू नका. थांबला तर "मग?" एवढंच. असं तीन-चार वेळा केलं की सलग सांगायची सवय लागते. दिवसाला दहा मिनिटं पुरे.

'पप्पांना काही होणार नाही' असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही आणि मोडलं तर त्याचा तुमच्यावरचाही विश्वास जाईल. म्हणा, "पप्पांसाठी वकील आहेत. पप्पांना वाचवणं हे त्यांचं काम, तुझं नाही."

पोटदुखी, दचकून उठणं, अंथरूण ओलं होणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर केईएमच्या मनोविकार विभागात दाखवा, तुम्हाला जवळच आहे. फोनवर बोलायचं तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. त्याला कोणी मारलं किंवा धमकावलं तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

तिसरा_माळा

एवढं कशाला? मुलाला परीक्षा होईपर्यंत गावी पाठवून द्या. पोलीस एक-दोनदा येतील, मग सोडून देतील. लहान पोराला कोर्टाची पायरी कशाला?

काळा_कोट_पांढरी_पट्टी

भावना समजते, पण हे उलटतं. घटनेच्या वेळी तो दारात होता हे काका सांगणारच. मूल अचानक गायब झालं की साक्षीदार लपवला असं दिसतं आणि त्याचा भार वडिलांवर येतो. शिवाय मुलाच्या मनात पक्कं बसतं की आपल्याकडे काहीतरी भयंकर आहे म्हणून आपल्याला घरातून काढलं.

कोर्टाची पायरी कदाचित चढावी लागणारही नाही, भावांनी मिटवलं तर. चढावी लागलीच तर काय होतं ते सांगतो. साक्षीसाठी वयाची खालची अट नाही. न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारतात: नाव, इयत्ता, बाईंचं नाव, खरं आणि खोटं यात फरक काय. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरं बोलायचं असतं एवढं कळत असेल तर १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे शपथेशिवाय साक्ष घेता येते. मुंबईत खटला उभा राहायला वेळ लागतो, तोपर्यंत तो बारा ओलांडेल हेही धरून चला. वडिलांसमोर बोलायला घाबरत असेल तर सरकारी वकिलामार्फत अर्ज करून असुरक्षित साक्षीदारांसाठीच्या वेगळ्या खोलीची मागणी करा. अशी केंद्रं उभारायला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितलं आहे.

एक प्रश्न हमखास येतो: "काय बोलायचं हे तुला कोणी शिकवलं का?" आजीने पढवलं असेल तर मुलगा "हो, आजीने" म्हणतो आणि आजी ज्याला वाचवायला निघाली तोच अडकतो. जबाबात एक, कोर्टात दुसरं झालं तर त्याला फितूर ठरवून सरकारी वकीलच उलटतपासणी घेतो, आणि तो तास कोणत्याही लेकराच्या वाट्याला येऊ नये. आजीला कायद्याची भीती घालण्यापेक्षा हे समजावून सांगा, पटेल. तुम्ही त्याला "जे पाहिलंस ते सांग" म्हणाला असाल, तर तेही त्याने खुशाल सांगावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जिन्याखालची_खोली

खूप आभार. आजीशी काल बोलले, रडली, पण आता घोकून घेणं थांबलंय. दोन गोष्टी राहिल्या. वडिलांनी त्याला काही सांगावं का? आणि तो म्हणतो, "या वर्षी गणपतीला काका येणार नाही, माझ्यामुळे."

पाटी_पेन्सिल

वडिलांनी बोलावं, नक्की. आईच्या किंवा आजीच्या शब्दाने सुटत नाही ते वडिलांच्या एका वाक्याने सुटतं: "तू जे पाहिलंस ते सांग, मी तुझ्यावर रागावणार नाही." फक्त तेवढंच. "पण मी मुद्दाम नाही केलं" हे शेपूट जोडलं की पुन्हा ओझं त्याच्या डोक्यावर. एकट्याने, दार लावून नको. तुम्ही समोर असा, आधी वकिलाला विचारून घ्या, म्हणजे उद्या कोणी त्याला पढवणं म्हणणार नाही. जबाबाच्या आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी. जबाब झाल्यावर वडिलांनी त्या संध्याकाळी नेहमीसारखं जवळ घेऊन जेवावं, 'काय सांगितलंस' विचारू नये. त्याची नजर त्या दिवशी फक्त त्यांच्या चेहऱ्यावर असेल.

गणपतीबद्दल "तुझ्यामुळे नाही रे" म्हणून गप्प करू नका. म्हणा, "भांडण कागदावरून झालं, तू तेव्हा दारात उभा होतास. काका आला नाही तर ते पप्पा आणि काकाचं." शिवाय त्याला नेहमीचं काम द्या, आरतीला झांजा तो वाजवत असेल तर यंदाही त्याच्याच हातात द्या. काकाच्या मुलांशी खेळायला बंदी घालू नका. गॅलरीत क्रिकेट चालू राहिलं तर बरंच काही सावरतं.

काळा_कोट_पांढरी_पट्टी

एक भर. जबाबाच्या दिवशी शाळेला सुट्टी घ्यायची तर चिठ्ठीत 'घरगुती काम' एवढंच लिहा. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्यायचं तर एकटीला भेटून सांगा, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही नको. जबाब सकाळी, त्याने नाश्ता केल्यावर ठेवायला सांगा. अधिकाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि खोलीत कोण कोण होतं हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.