मदत हवी आहे : बिबट्याच्या आहाराच्या मिश्रण-प्रारूपात कुत्रा आणि रानडुक्कर वेगळे होत नाहीत

ऊसपट्ट्यातील बिबट्यांच्या केसांमधील कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ या समस्थानिकांच्या (मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या) मूल्यांवरून त्यांचा आहार काढण्यासाठी मी मिक्सएसआयएआर (समस्थानिकांवरून आहारातील प्रत्येक स्रोताचा वाटा अंदाजणारे संगणकीय मिश्रण-प्रारूप) शिकत आहे. शेळी, ससा, कुत्रा आणि रानडुक्कर हे चार स्रोत घेतले आहेत. परंतु ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर पोसलेला कुत्रा आणि उसात चरणारे डुक्कर या दोघांतही सी-४ वनस्पतींचाच (ऊस, ज्वारी, बाजरी यांसारख्या, कार्बन-१३ तुलनेने जास्त असलेल्या) कार्बन उतरत असल्याने त्यांची मूल्ये एकमेकांवर येतात. प्रारूपाच्या गणन-साखळ्या (पुनःपुन्हा केलेल्या यादृच्छिक गणनांच्या मालिका) नीट स्थिरावतात, बिबट्यांचे नमुने मिश्रण-बहुभुजात (स्रोतांच्या मूल्यांनी आखलेल्या क्षेत्रात) बसतात, तरीही एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो. भेदांक (आहार आणि तो खाणाऱ्याचे केस यांच्या समस्थानिक-मूल्यांतील फरक) बंदिस्त लाल कोल्ह्यांवरील प्रयोगांतून घेतले आहेत. गंधकाच्या समस्थानिकांसाठी निधी नाही; विष्ठा-विश्लेषण हाताशी आहे, पण ते केसांच्या वाढीच्या हंगामाचे नाही. अशा स्थितीत हे दोन स्रोत प्रारूप चालवल्यानंतर एकत्र करावेत, की विष्ठेतील प्रमाण पूर्वसंभाव्यता (प्रारूपाला आधीच पुरवलेला अंदाज) म्हणून द्यावे, आणि दिल्यास तिचे वजन किती ठेवावे?